एक ते चार बंद

मुलुंड पश्चिमेला मी ज्या वकिलांच्या ऑफिसात काम करते, त्याच्या दारावर वेळेची पाटी आहे. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी चार ते नऊ. फोर्टातल्या माणसाला ही वेळ दवाखान्याची वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण उपनगरातली वकिली दवाखान्यासारखीच चालते. आमचे अशील दिवसभर कुठेतरी नोकरीला असतात आणि संध्याकाळी परतताना, घरी जायच्या आधी, आमच्याकडे डोकावतात. फ्लॅटचा करार, बहिणीचं हक्कसोडपत्र, सोसायटीचा पुनर्विकास, सगळं भाजीची पिशवी टेबलाखाली ठेवून ठरतं. दुपारी कोणी फिरकत नाही. म्हणून एक वाजला की सर घरी जातात, गरम फुलके खातात आणि झोपतात. दोघे क्लार्क जवळच राहतात, तेही घरी जातात. शटर अर्धं खाली येतं, ते चार वाजता पुन्हा वर जातं.

या मधल्या वेळाचं काय करायचं, हा प्रश्न मला इथे येईपर्यंत कधी पडला नव्हता. त्याआधीची सगळी नोकरी मी फोर्टात केली.

तिथली फर्म जुनी आणि मोठी होती. मालमत्तेची कागदपत्रं तपासायची आणि करारांचे मसुदे करायचे, हे माझं काम. पगार चांगला होता. मात्र टाउनचा, म्हणजे फोर्टाकडचा, पगार हातात राहत नाही, तो बराचसा टाउनलाच परत द्यावा लागतो. कपडे बरे लागतात, कारण समोर बसलेल्या अशिलाच्या बुटांची किंमत तुमच्या महिन्याच्या किराण्याएवढी असते. निरोप समारंभाची वर्गणी निघते ती मोठ्या साहेबांच्या खिशाकडे बघून, आपल्या नाही. संध्याकाळी मुलुंडला उतरेपर्यंत भाजीवाल्याकडे फक्त मऊ पडलेली भेंडी उरलेली असते, तीही तो वरच्या भावाने देतो कारण घेणारीला दुसरीकडे जायचं त्राण नाही हे त्याला कळतं. वेळ नाही म्हणून पोळ्यांना बाई, भांड्यांना बाई, इस्त्रीला भय्या. पगार मोठा आणि त्याला तोंडंही तेवढीच.

पण तिथे एक टेबल होतं.

झेरॉक्स मशीनच्या मागच्या खोलीत, एका पायाखाली जुन्या निकालपत्रांचा जाड खंड सरकवलेलं ते टेबल. त्याभोवती आम्ही पाचजणी रोज एक वाजता जेवायला बसायचो. टेबलाचा एक नियम होता. आपली भाजी आपण खायची नाही. डबा उघडायचा आणि मध्ये सरकवायचा. स्वतःच्या डब्यातली पोळी चालेल, भाजी दुसरीची. हा नियम बोरिवलीहून येणाऱ्या आमच्या सीनियर टायपिस्टने केला होता. ती म्हणायची, "स्वतःच्याच हातचं खायचं तर नोकरी कशाला करायची? घरी बसा ना."

त्यामुळे प्रत्येकजण भाजी चौघींना पुरेल एवढी आणायची आणि स्वतः तिला हात लावायची नाही. मीठ कमी असलं तर दुसऱ्याच सांगायच्या, आणि बऱ्या शब्दांत नाही.

"आज कोणाशी भांडून आलीस गं? भाजीत मीठच नाही."

"हिचं कोणाशी भांडण? हिला नवराच नाही."

"तो खर्च मला परवडत नाही," मी म्हणायचे. हा विनोद वर्षानुवर्षं चालला. आम्ही दरवेळी हसायचो.

मग आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. वडील आधीच गेले होते. गिरणीतली नोकरी सुटली तेव्हा मिळालेल्या पैशांत त्यांनी मुलुंड पूर्वेला ही जागा घेतली होती, तेव्हा इकडे खाडीच्या बाजूला नुसतं रान होतं आणि नातेवाईक त्यांना हसले होते. भाऊ नाही, बहीण नाही. दिवसभराची बाई ठेवून पाहिली. ती एजन्सीमार्फत यायची आणि तिचे पैसे ऐकून माझाच आवाज अडखळला. शिवाय बाई बदलत राहायची. आई रोज नव्या माणसाला बाथरूम दाखवायची, तेही डाव्या हाताने.

तेव्हा मी मुलुंडमधली ही नोकरी घेतली. पगार निम्म्यावर आला. पण प्रवास नाही, कपड्यांची मिजास नाही, आणि एक ते चार मी घरी, म्हणजे बाई फक्त सकाळ-संध्याकाळ लागणार. हिशेब जमत होता. मी तो आईला समजावून सांगितला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "माका काय धाड भरली! नोकरी कित्याक सोडलंस?"

"सोडली नाही, जवळची धरली."

"पगार?"

"कमी."

"मगे सोडलंस, असा म्हण."

मुलुंडच्या ऑफिसात पहिल्या दिवशी मी मोठा डबा घेऊन गेले. तोंडल्याची भाजी, चौघींना पुरेल एवढी. सवयच होती, हात आपोआप तेवढी तोंडली चिरतो. एक वाजला, मी डबा काढून टेबलावर ठेवला, आणि सर चावी घेऊन समोर उभे. "मॅडम, तुम्ही इथे जेवणार? पण आपण बंद करतो." मी डबा परत पिशवीत घातला आणि पुलावरून पूर्वेला घरी गेले. घरी जाण्यासाठीच तर ही नोकरी घेतली होती, आणि तरी मी डबा भरून नेला होता. आईने तो बघितला आणि अर्ध्या तोंडाने हसली. दोन दिवस आम्ही तोंडली खाल्ली.

त्या जेवणात मला एक गोष्ट समजली. मला माझ्या हातची भाजी आवडत नाही. इतकी वर्षं मी ती फारशी खाल्लीच नव्हती. आईला मात्र चव पहिल्यासारखीच कळत होती, आणि ती सांगायला तेवढी जीभ पुरत होती. "मीठ कमी आसा," ती रोज म्हणायची. मी रोज वरून घालून द्यायचे. तिला भरवायला पाऊण तास लागायचा. मग ती झोपायची आणि मी तिच्या पायाशी बसून संध्याकाळच्या करारांचे मसुदे वाचायचे. त्या दुपारी वाईट नव्हत्या.

दीड वर्षाने आई गेली. दिवसकार्य झाल्यावर मी ऑफिसला गेले, आणि एक वाजता सगळ्यांबरोबर उठून घरी आले. दुसरं काय करणार? शटर बंद होत होतं. घरी जायचं कारण गेलं होतं, वेळ तेवढी राहिली होती.

दुपारचं घर ज्याने त्याने आपापलं पाहावं. आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी वॉचमन खुर्चीत झोपलेला असतो आणि लिफ्ट ज्या मजल्यावर असेल तिथेच असते. सगळे कामावर. मी कुलूप उघडायचे, ताट घ्यायचे, जेवायचे, ताट घासायचे. मग बेल वाजायची. पार्सलवाला. मजल्यावर दुपारी घरी असणारी मी एकटीच, हे सगळ्या पार्सलवाल्यांना पाठ झालं होतं, त्यामुळे तिन्ही शेजाऱ्यांचे बूट, चार्जर, कुत्र्याचं खाणं माझ्याकडे यायचं. चार वाजता निघताना मी ते खाली वॉचमनकडे द्यायचे. शेजारी संध्याकाळी सातला घरी येतात, तेव्हा मी ऑफिसात असते. मी नऊनंतर येते तेव्हा त्यांची दारं लागलेली असतात. ज्यांचं कुत्रं काय खातं हे मला माहीत होतं, त्यांची तोंडं मी महिनोन् महिने पाहत नव्हते. उपनगरात काम आणि उपनगरातच घर असलं की वेळ वाचतो, असं सगळे म्हणतात. वाचतो, खरं आहे. पण तो दुसऱ्या कोणाच्या वेळेशी जुळत नाही.

असं वर्षभर चाललं. मग फोर्टातून फोन आला.

फोन मोठ्या मॅडमचा होता. फर्मच्या त्या मालकीणच, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. त्यांना पुनर्विकासाच्या कामाला माणूस हवा होता, इंग्रजी आणि मराठी दोन्हीत मसुदा करणारा. "आई गेल्याचं कळलं. आता तुला मोकळं व्हायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. त्यांची बोलायची पद्धत तशीच आहे, मला तिचं काही वाटत नाही. पगार त्यांनी इथल्या दुपटीहून जास्त सांगितला. "सोमवारपर्यंत सांग. नाही म्हणालीस तर दुसरी बघेन."

मी उपनगरात राहते ते वडिलांच्या कृपेने. डोक्यावर कर्ज नाही. साड्या पुरेशा आहेत. तरीही पैसा मला नको होता असं नाही. आईच्या आजारपणाने मला एक किंमत शिकवली होती. म्हातारपणी उठवायला-बसवायला जी माणसं आपली नसतात, ती विकत घ्यावी लागतात, आणि ती फार महाग पडतात. मला तर सगळीच विकत घ्यावी लागणार. निवृत्तीला दहा वर्षं होती. त्या दहा वर्षांचा दुप्पट पगार म्हणजे दोन बायांची सोय.

पण खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बाया आल्या नाहीत. ते टेबल आलं. उरलेल्या दहा वर्षांत मी दुपारी कोणाबरोबर जेवणार, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. पगार त्याच्या मागून येत होता.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि फोर्टात गेले. जाताना डबा नेला. फ्लॉवर-बटाटा, चौघींना पुरेल एवढा.

मोठ्या मॅडमशी बोलणं वीस मिनिटांत झालं. एक वाजायला आला तसं मी झेरॉक्सच्या खोलीकडे वळले. खोली नव्हती. भिंत पाडून तिथे काचेचा डबा केला होता, आत दोन लाल कोच आणि टीव्हीएवढा स्क्रीन. बाहेर लांबच लांब टेबलांवर माणसं कानाला हेडफोन लावून बसली होती. त्यांच्यात एका कोपऱ्यात आमची बोरिवलीची टायपिस्ट, आता ऑफिस मॅनेजर, स्क्रीनकडे बघत सँडविच खात होती.

"अगं बाई! तू?" ती उठून गळ्यातच पडली. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाली, "डबा घेऊन आलीस? कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. बाकीच्या कुठे आहेत?"

"बाकीच्या! कुठल्या जमान्यात आहेस? घाटकोपरवाली आठवड्यातून एकदा येते, बाकी घरून काम. अकाउंट्सवाली रिटायर होऊन नाशिकला गेली, तिथे तिला गुलाबाची बाग आहे म्हणे. आणि चौथीने अंधेरीत नोकरी धरली, तिथे त्यांचं कँटीन आहे, फुकट जेवण. फुकट जेवण मिळाल्यावर कोण येतंय आपली भेंडी खायला?"

"आणि टेबल?"

"भंगारवाल्याने नेलं. पाय काढून नेलं गं, दारातून जाईना."

"त्याच्याखालचा खंड?"

"तो पण. किलोवर."

आम्ही दोघी तिच्याच खुर्चीशी उभ्या राहून बोललो. मी डबा उघडून तिच्यापुढे धरला. तिने दोन घास घेतले आणि इकडेतिकडे पाहिलं. "इथे डेस्कवर गरम जेवण आणलेलं चालत नाही, वास येतो म्हणतात. सँडविच चालतं." मग हळूच म्हणाली, "मीठ बरोबर आहे आज." तिचा फोन वाजला, तिने हेडफोन कानाला लावला आणि मला हाताने थांब म्हणाली. मी थोडी थांबले. मग तिच्या खांद्यावर थोपटून निघाले. ती बोलता बोलताच मान हलवत राहिली.

मुलुंडला उतरले तेव्हा सव्वादोन झाले होते. पुलावरून डावीकडे उतरलं की घर. मला त्या दिवशी घरी जाववेना. पार्सलवाल्याशिवाय तिथे कोणी येणार नव्हतं, आणि पिशवीत फ्लॉवर-बटाटा जवळजवळ तसाच होता. मी उजवीकडे वळले. शटरची एक चावी माझ्याकडे असते. म्हटलं, ऑफिसात बसून काम उपसू.

शटर गुडघ्यापर्यंत उघडंच होतं. मी ते उचललं तर आत अंधार, आणि अंधारात मोबाइलचा टॉर्च पेटलेला. त्या उजेडात आमची ज्युनियर वकील जेवत होती.

ती तिशीची असेल. सहा-सात महिन्यांपूर्वी लागली होती, गोवंडीहून यायची. वडील गाडीवर कपडे विकतात, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला, हे मला ऑफिसात कानावर आलेलं. काम नीट करायची, बोलायची कमी. दुपारी ती कुठे जाते, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी एक वाजता निघायचे, चार वाजता यायचे, दोन्ही वेळेला ती तिथेच असायची.

"मॅडम, तुम्ही? आज रजा ना तुमची?" ती उभी राहिली.

"बस. लाइट का नाही लावलास?"

"सर मेन स्विच बंद करून जातात ना. तीन तास उगाच बिल नको म्हणून."

"तू आत असताना?"

"त्यांना वाटतं मी शटर ओढून बाहेर जाते. पहिल्यांदा जायचे. समोरच्या हॉटेलात चहा घेऊन बसायचे, पण तिथे तासाभराने ते टेबल पुसायला लागतात. म्हणजे उठा. रोज खायला परवडत पण नाही. गोवंडीला जाऊन यायचं म्हटलं तर जाण्यातच वेळ संपणार."

"आणि जेवण अडीच वाजता?"

"मुद्दाम उशिरा उघडते डबा. लवकर जेवलं की नंतर वेळ जात नाही."

मी मेन स्विच वर केला. ट्यूबलाइट लागली, पंखा फिरला. तिने डोळे चोळले. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली, डबा उघडला आणि मध्ये सरकवला. तिच्या डब्यात वांगं होतं, सुकटीतलं. तिने तो झाकायला झाकण घेतलं.

"झाकू नकोस. तुझी भाजी मी खाणार, माझी तू."

"मॅडम, सुकट आहे. तुम्हाला वास..."

"मी मालवणची आहे गं. वास कोणाला सांगतेस?"

तिने फ्लॉवर-बटाटा खाल्ला. मी तिच्या आईच्या हातची वांगी-सुकट खाल्ली आणि पोळी कमी पडली म्हणून तिची भाकरी घेतली. त्या दिवशी चार कधी वाजले ते कळलं नाही.

शनिवारी मी घरी गेलेच नाही. एक वाजता सर निघाले तेव्हा मी म्हटलं, स्विच राहू द्या. जाताना त्यांनी बोर्डाकडे दोनदा पाहिलं. आम्ही जेवलो, मग ती बोलायला लागली. तिला मुलुंडात किंवा नाहूरला एखादी खोली भाड्याने हवी होती, रात्री नऊ वाजता ऑफिस सुटल्यावर गोवंडीला पोचायला फार उशीर होतो म्हणून. तिने चौकशी केली होती.

"मॅडम, माझा अख्खा पगार भाड्यात जाईल. आणि डिपॉझिट वेगळं. आपण रोज दुसऱ्यांचे भाडेकरार बनवतो, वाचते ना मी आकडे. देणारे लोक करतात काय नक्की?"

"टाउनला जातात कामाला."

ती हसली. पण तेच खरं आहे. मुलुंडच्या पगारात मुलुंडात राहता येत नाही. इथली भाडी ठरतात ती इथे राहून टाउनमध्ये किंवा अंधेरीच्या काचेच्या बिल्डिंगींत कमावणाऱ्यांच्या हिशेबाने. इथेच कमावून इथेच राहायचं तर माझ्यासारखा, रान असताना जागा घेऊन ठेवलेला बाप पाहिजे. माझ्या कमी पगाराला मी इतके दिवस साधेपणा समजत होते. तो साधेपणा वडिलांनी आधीच भरून ठेवला होता.

रविवारी मी कपाट आवरलं, डाळी उन्हात घातल्या आणि विचार केला. फोर्टातलं टेबल भंगारात गेलं होतं. तिथे गेले तर दुप्पट पगार मिळेल आणि जेवण हेडफोनवाल्यांत, सँडविचचं. हे मला नको होतं, एवढं शुक्रवारीच ठरलं होतं. इथे राहिले तर आता दुपारी समोर कोणीतरी होतं. बोलणारं, सुकट आणणारं, भाजीला नावं ठेवायला अजून लाजणारं, पण शिकलं असतं. मी सोमवारी नुसतं नाही म्हटलं असतं तर मोठ्या मॅडमनी दुसरी शोधली असती आणि गोष्ट संपली असती. या मुलीला त्या जागेबद्दल कळायचं काही कारण नव्हतं. तिची खोली लांबली असती. माझी दुपार राहिली असती. डाळी वर-खाली करताना मी हे सगळं सरळ मांडून पाहिलं, कारण कोणी बघत नव्हतं.

सोमवारी मी फोन केला.

"मी येत नाही," मी म्हटलं. "पण एक मुलगी आहे. दोन्ही भाषांत मसुदा करते, चुका कमी, वय तीस. माझ्यापेक्षा निम्म्यात येईल आणि वीस वर्षं टिकेल."

"तुझा काय फायदा?" मोठ्या मॅडमनी विचारलं. त्या वकील आहेत.

"माझे गुडघे वाचतात."

तिला दुपारी सांगितलं तेव्हा तिचा घास हातातच राहिला. "मग तुम्ही का जात नाही?" मी तिलाही गुडघेच सांगितले. ते खोटं नाही, पुलाच्या पायऱ्या मला जड जातात. ती इंटरव्ह्यूला गेली, त्यांनी समोर बसवून एक करार करायला दिला, आणि तिला घेतलं. मोठ्या मॅडमना स्वस्तात माणूस मिळालं, तिला इथल्या दुप्पट पगार मिळाला, नाहूरला दुसऱ्या एका मुलीबरोबर अर्धी खोली परवडली.

आमचे सर मात्र भडकले. "मॅडम, तुम्ही माझीच माणसं पळवता?"

"मीच पळणार होते," मी म्हटलं, आणि त्यांना फोर्टचा आकडा सांगितला. ते खाली बसले. मी राहते म्हटलं, पण दोन गोष्टी लागतील. पगार थोडा वाढवा, आणि दुपारी मेन स्विच बंद करायचा नाही. पगाराला ते दहा मिनिटांत तयार झाले. स्विचसाठी दोन दिवस लागले. "पण दुपारी आत असतंच कोण?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

"मी असते," मी म्हटलं.

तिच्या नोकरीचा पहिला दिवस संपायच्या आत, एक वाजून गेल्यावर, तिचा फोन आला. मी ऑफिसातच होते. शटर अर्धं खाली, लाइट चालू, पंखा चालू, समोर डबा.

"मॅडम, इथे जेवायला कुठे बसतात?" ती दबक्या आवाजात विचारत होती. "सगळे आपापल्या जागेवरच खातायत. कोणी कोणाकडे बघत पण नाही. माझ्या डब्यात सुकट आहे."

"कोपऱ्यात ऑफिस मॅनेजर बसते. बोरिवलीची. चष्मा डोक्यावर असेल."

"हो, आहे. सँडविच खातायत."

"तिच्यापुढे जाऊन डबा उघड आणि मध्ये सरकव. काही बोलू नकोस."

"त्या ओरडल्या तर?"

"ओरडेल. मग खाईल."

फोन चालूच राहिला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं आली, झाकण उघडल्याचा आवाज आला. मग ओळखीचा आवाज, बराच लांबून: "हे काय गं? सुकट? आणि या ऑफिसात? कोणी शिकवलं तुला हे?" त्यावर ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, कारण फोन बंद झाला.

मी माझा डबा उघडला. दुधी होता, आता एकटीपुरताच केलेला. दोन घास खाल्ले. मीठ कमी होतं. ड्रॉवरमध्ये मिठाची पुडी ठेवलेली आहे, ती काढून वरून घातलं आणि जेवण संपवलं. चार वाजायला अवकाश होता. मी कुळगावच्या एका सोसायटीचा करार पुढे ओढला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतला.